समोरची पायरी

पिसं निवडायला बसलं की मोठ्याने हसायचं नाही, शिंकायचं नाही आणि दार तर मुळीच उघडायचं नाही, हे व्रबनोव गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. नाहीतर सगळी मेहनत उडून छताला चिकटते. आगीच्या बंबवाल्यांच्या खोलीत लांब टेबलाभोवती आठ-दहा जण बसले होते. मधे बदकांच्या पिसांचा पांढरा ढीग. पिसाचा काटा सोलून टाकायचा, मऊ भाग पुढ्यात सारायचा. बाहेर संध्याकाळपासून बर्फ पडत होतं.

तेरेझाचं तान्हं तिच्या मांडीवर झोपलं होतं. नाकातोंडात पीस तर गेलं नाही ना, म्हणून ती घडीघडी त्याच्या नाकापुढे बोट धरून श्वास बघायची.

"असंच पडत राहिलं तर सकाळी ओतोमार काकांची चंगळ," श्टेपान म्हणाला. बंबावरचा पोरगा, जीभ जरा सैलच. "स्वतःच्या दारात गुडघाभर बर्फ, आणि हे उठून आधी समोरच्या लॉजची पायरी झाडणार. मालकिणीवर जीव जडलाय म्हणावं, तर तिच्या तोंडात दात नाहीत."

दोघीतिघी ओठ मिटून हसल्या. पिसं हलली.

"ओतोमार दवाखान्यात आहे," मातौश काका म्हणाले. "परवा खुब्याचं हाड बदललं त्याचं."

"मग उद्या पायरी कोण झाडणार?"

काकांनी हातातलं पीस सोलून संपवलं. चाळीस वर्षं त्यांनी गावाची धुराडी साफ केली. अजून रस्त्यात ते दिसले की माणसं शकुन म्हणून सदऱ्याच्या गुंडीला हात लावतात. गावात एक स्वयंपाकघर असं नाही, जे त्यांनी आतून पाहिलेलं नाही.

"कुणी झाडणार नाही," ते म्हणाले. "म्हणून तर सांगतो. त्यानेच सांगितलंय मला. भिंतीकडे तोंड करून पडला होता. म्हणाला, मातौश, बर्फ पडणार आहे म्हणे. मी तिथे नसलो तर लोकांना दिसेल. त्याआधी तूच सांगून टाक. माझ्या तोंडून निघत नाही."

कुणीतरी वरचा दिवा मालवला. टेबलावरचा तेवढा राहिला.

"गेल्या वर्षीची गोष्ट. फेब्रुवारीतला पहिला शुक्रवार."

त्या दिवशी दुपारी ओतोमार मरवा आणायला बाहेर पडला होता. दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे डुक्कर कापायचं होतं. खाटकाला सांगून झालं होतं, कांदे सोलून झाले होते, आणि ऐन वेळी त्याच्या बायकोच्या, मिलादाच्या लक्षात आलं की डब्यात मरवा नाही. मरव्यावाचून आतड्यात भरायचं सारण म्हणजे नुसता गिळगिळीत लगदा. चौकातल्या दुकानातून त्याने पुडी घेतली, खिशात घातली आणि ज्यू गल्लीत वळला. गल्लीत ज्यू आता एकही नाही. नाव तेवढं भिंतीवर आहे. त्यांच्या प्रार्थनाघरात आधी बटाटे साठवायचे, आता उन्हाळ्यात तिकीट लावून ते दाखवतात.

लॉजसमोर एक बाई उभी होती. पस्तिशीतली, गळ्यात लाल मफलर. फोटो काढत नव्हती. लॉजला पाठ करून ती ओतोमारच्या घराकडे बघत होती.

"तुम्ही इथलेच ना?" तिने विचारलं.

बोलली ती आपल्याच भाषेत. पण कशी, तर ओतोमारच्या लहानपणच्या म्हाताऱ्या बोलायच्या तशी. ते शब्द आता कुणी वापरत नाही. एवढ्या तरुण तोंडातून ते ऐकताना त्याला कसंसंच झालं.

"मी दोरित. इर्मा लेडररची नात. हे तिच्या वडिलांचं घर," तिने मागच्या लॉजकडे अंगठा केला. "काल रात्री मी माझ्या आजीच्या खोलीत भाडं भरून झोपले. पलंग मात्र वाईट आहे हो."

"सगळ्यांची तीच तक्रार असते," ओतोमार म्हणाला.

"आजी सांगायची, समोर अनेझ्का म्हणून मुलगी राहायची."

"माझी आई."

तिचा चेहरा उजळला. तो उजेड बघूनच खरं म्हणजे त्याने पोटातलं बोलून टाकायला हवं होतं.

"मग तुम्हाला ठाऊकच असेल. शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत आमचा हंडा बेकरीच्या भट्टीत जायचा. राजमा, जव, बदकाचं मांस. रात्रभर मंद आचेवर. शनिवारी आमच्या लोकांना विस्तव पेटवायचा नसतो, ओझंही उचलायचं नसतं. मग शनिवारी दुपारी तुमची आई हंडा भट्टीवरून घेऊन यायची. पायरीवर उभी राहून हाक मारायची, आला हो हंडा. तिला वेणीसारख्या गुंफलेल्या पावाचा तुकडा मिळायचा." ती थांबली. "बिडाचा हंडा. एक कान लोखंडी आणि एक पितळी. आजी गेल्या वर्षी गेली. शेवटी शेवटी तिला आमची नावं आठवत नव्हती. पण कुणीही खोलीत आलं की विचारायची, हंडा आला का?"

ओतोमारच्या खिशात मरव्याचा वास सुटला होता. त्याच्या पाठीशी फाटक नुसतं लोटलेलं. आत अंगणात बाकावर हंडा पालथा घातला होता. सकाळीच मिलादाने वाळूने घासला होता. पितळी कान नुसता लखलखत असणार.

"नाही हो," तो म्हणाला. "आमच्याकडे तसलं काही नाही. युद्धात कुणाचं काय काय गेलं."

तेवढ्यात फाटक उघडलं. "ओता, मिळाला का मरवा?" म्हणत मिलादा बाहेर आली. हातात हंड्याचं झाकण. तिने पाहुणीकडे पाहिलं, नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. आणि झाकण पाठीमागे धरलं.

तिला कुणी तसं कर म्हणून सांगितलं नव्हतं. त्या घरात लग्न करून आली होती, तेवढं पुरलं.

दोरित थोडा वेळ मिलादाच्या अ‍ॅप्रनकडे बघत राहिली. मग म्हणाली, "गारठा आहे. आत जा तुम्ही. मीही उद्या पहाटेच्या बसने निघतेय."

"तिने झाकण पाहिलं असणार," श्टेपान मधेच म्हणाला. आता तो थट्टा करत नव्हता.

"ओतोमारही तेच विचारतो," मातौश काका म्हणाले. "परवा दवाखान्यातही विचारत होता. जसं काही मी तिथे होतो."

रात्री जेवणं झाली. ताटं तशीच पुढ्यात होती.

"देऊन टाकू या, ओता," मिलादा म्हणाली.

"काय देऊ? ऐंशी वर्षं डुकराची चरबी उकळतोय आपण त्यात. त्यांच्यात चालत नाही ते. तिच्या तोंडावर कसा धरू तो हंडा?"

"आज दुपारी खानावळीत बसून तिने डुकराचं मांस खाल्लं. वर आंबट कोबी मागून घेतला. लॉजवालीने सांगितलं मला."

ओतोमारने चमचा ताटात आडवा ठेवला.

"तुला डुकराचं काही पडलेलं नाहीये," मिलादा म्हणाली. "तिने विचारलं, आणखी काय काय ठेवलंत, तर काय सांगायचं, याची भीती आहे तुला."

पलीकडच्या खोलीत पलंगावर पिसांची जाड दुलई होती. तीही समोरच्याच घरातली. तो उठला, ताटं उचलली, विषय संपवला.

झोपायला गेला खरा, पण डोळा लागेना. आई त्याच्या मनातून हलेना. मरायच्या आधी तिने एकदाच सांगितलं होतं. चौदा वर्षांची होती ती. त्या शनिवारी नेहमीसारखी भट्टीवर गेली, हंडा घेऊन आली. समोरचं दार उघडं. अंथरुणं विस्कटलेली. माणसं कुणीच नाहीत, पहाटे सगळ्यांना चालवत स्टेशनवर नेलेलं. ती पायरीवर उभी राहिली. आला हो हंडा, म्हणाली. पुन्हा म्हणाली. हंडा हातात गार होईपर्यंत उभी राहिली. संध्याकाळी तिची आई येऊन तिला ओढून घरी घेऊन गेली. घरची पोरं उपाशी होती. त्यांनी ते खाल्लं.

त्यात काय चुकलं? काहीच नाही. युद्ध होतं.

पण युद्ध संपल्यावर इर्मा परत आली. घरातली ती एकटीच. डोक्यावर बोटभर केस. दारात उभी राहून म्हणाली, अनेझ्का, आमचा हंडा असेल ना तुझ्याकडे? चुलीवर तोच हंडा उकळत होता. दारामागून अनेझ्काच्या आईने तिचा झगा ओढला. आणि अनेझ्का म्हणाली, नाही गं. आमच्याकडे तसलं काही नाही.

तेच शब्द. ओतोमारने दुपारी तेच शब्द वापरले होते. ठरवून नव्हे. जिभेवर आपोआप आले.

चर्चच्या घड्याळात अकराचे ठोके पडले. तेव्हा त्याला वास आला.

कांदा. राजमा. बदकाची चरबी, सावकाश, खूप सावकाश शिजलेली.

"मिलादा, चुलीवर काही ठेवलंस का?"

"चूल विझलीय कधीची," ती झोपेत म्हणाली.

तो उठला. मागच्या स्वयंपाकघरात गेला. दिवा लावला.

हंडा टेबलावर होता. त्यानेच ठेवला होता, रिकामा, सकाळसाठी. झाकण बाजूला ठेवलं होतं, हे त्याला पक्कं आठवत होतं. आता झाकण वर होतं. आणि झाकणाच्या कडेने, सगळीकडून, कणकेची पट्टी लावलेली. वाफ बाहेर जाऊ नये म्हणून पूर्वी लावायचे तशी. भाजून तांबूस झालेली.

त्याने बोट लावलं. चटका बसला.

"मिलादा."

ती आली. हंड्याकडे पाहिलं. हात पुढे केला, मागे घेतला. तोच तोंडाशी धरला. मग खुंटीवरचं जाड फडकं काढून तिने नवऱ्याच्या हातात दिलं.

त्याने दोन्ही कान धरून हंडा उचलला. जड होता. भरलेला होता.

दार मिलादाने उघडलं.

गल्लीत ताजं बर्फ. वारा नाही. लॉजच्या वरच्या खिडकीत दिवा होता, म्हणजे दोरित जागी होती. ओतोमारच्या पायात नुसते मोजे. त्याने पाऊल टाकलं, आणि थांबला.

त्याच्या दारातून बर्फावर उमटलेली पावलं निघाली होती.

लहान. लाकडी तळाच्या बुटांची. तसले बूट त्याने फक्त आईच्या ट्रंकेत पाहिले होते. पावलं सरळ समोर गेली होती. आखूड आखूड... हातात जड काही असलं की पडतात तशी.

परत आलेलं पाऊल एकही नव्हतं.

तो त्यांच्या शेजारून चालला. त्यांच्यावर पाय पडू न देता. मधेच त्याला ऐकू आलं. श्वास. धापा टाकत चाललेल्या पोरीचा. त्याच्या डाव्या कोपराशी. त्याने तिकडे पाहिलं नाही. पाहवलं नाही.

पायरी आली.

पायरीवर ती दोन पावलं दाराकडे तोंड करून उभी होती. जोडीने. शेजारी शेजारी.

"आई," तो म्हणाला.

फक्त श्वास. आणि तो श्वासही थांबला. कुणी हाक मारायच्या आधी थांबतं तसा.

हाक त्याने मारायची होती. एवढंच तर होतं. दार वाजवायचं आणि म्हणायचं, आला हो हंडा. तीन शब्द. इर्मा परत आली तेव्हा आईला ते म्हणता आले नव्हते.

त्याने हंडा पायरीवर ठेवला, त्या पावलांच्या पुढे. दार वाजवलं.

जिन्यावर पावलं वाजली. कडी निघाली. दोरितने दार उघडलं. अंगावर घोंगडी घेतलेली, डोळे रडून सुजलेले.

"काका? काय झालं?"

आणि ओतोमार एक पाऊल सरकला. बाजूला नव्हे... पुढे. हंडा त्याच्या पायांमागे गेला. दुपारी मिलादाने झाकण पाठीमागे धरलं होतं, तसा.

"काही नाही," तो म्हणाला. "पायरी निसरडी होते बर्फाने. बघायला आलो. पहाटे निघताना पडाल."

तिने त्याच्या पायांकडे पाहिलं. ओले मोजे. मग तोंडाकडे पाहिलं. बराच वेळ. ती वाट बघत होती, ओतोमार म्हणतो. मला शपथेवर सांगतो, ती वाट बघत होती.

"कसला तरी वास येतोय," ती हळूच म्हणाली. "आजीच्या घरचा."

"आमच्याकडे उद्या डुक्कर आहे," ओतोमार म्हणाला. "त्याची तयारी."

"हो का," ती म्हणाली. "आजी म्हणायची, अनेझ्का मनाने चांगली होती." थोडं थांबून म्हणाली, "बूट तरी घालायचे, काका. सर्दी होईल."

दार लागलं.

त्याच्यामागे, अगदी पाठीला लागून, कुणीतरी श्वास सोडला. लांब. खूप लांब. जसा ऐंशी वर्षं धरून ठेवला होता.

तो वळला.

हंडा नव्हता.

टेबलाभोवती सगळ्यांचे हात थांबले होते. तेरेझाने बाळाच्या नाकापुढे बोट धरलं.

"घरी गेला असेल हंडा," श्टेपान म्हणाला. "म्हणजे... मिलादा काकूंनी उचलून..."

"मिलादा दारातून हलली नव्हती," मातौश काका म्हणाले. "तिने हंडा ठेवताना पाहिला, नवरा त्याच्यापुढे सरकताना पाहिला. त्यानंतर हंडा पाहिला नाही. घरात नाही, अंगणात नाही. आजतागायत नाही. डुक्कर दुसऱ्यांच्या पातेल्यात शिजवलं त्यांनी. मी गेलो होतो जेवायला. ओतोमारने घास खाल्ला नाही. मला वाटलं, पोट बिघडलं असेल."

"आणि ती बाई?"

"पहाटेच्या बसने गेली. मिलादाने लॉजवालीकडे पत्ता मागितला. बाईने ठेवला नव्हता."

"मग दुसऱ्या दिवशी बर्फात काय होतं?" तेरेझाने विचारलं. आवाज अगदी बारीक. "पायरीवर?"

काका उठले. पिसांच्या गोणीचं तोंड बांधलं.

"त्या दिवसापासून ओतोमार बर्फ पडलं की उजाडायच्या आत उठतो. समोरची पायरी झाडतो. कडेपासून कडेपर्यंत, एक कण राहू देत नाही. गाव म्हणतं, काय भला शेजारी. सरपंचांनी गेल्या नाताळात सगळ्यांसमोर त्याचं नाव घेतलं, टाळ्या वाजवल्या. तो खाली बघत बसला होता. आपल्याला वाटलं, लाजाळू आहे."

दिवे मालवून सगळे बाहेर पडले. बर्फ थांबलं होतं. घरी जायची वाट ज्यू गल्लीतूनच होती. दुसऱ्या वाटेने जाऊ या, असं कुणीच म्हणालं नाही, पण पावलं सगळ्यांचीच आखडली. ओतोमारच्या घरात अंधार होता. मिलादा दवाखान्यात नवऱ्याजवळ होती.

श्टेपानने बॅटरी लावली.

लॉजची पायरी वीतभर जाड बर्फाने झाकली होती. पांढरी, गुळगुळीत, कुणी पाऊल न ठेवलेली. मधोमध मात्र एक गोल. हंड्याच्या बुडाएवढा. तिथे दगड काळा होता, कोरडा होता.

आणि त्या गोलाच्या अलीकडे, दाराकडे तोंड करून, लहान पोरीच्या पावलांएवढ्या दोन कोरड्या जागा.